खांब कुठवर पुसायचा?

"कुणीतरी मुद्दाम केलंय हे! सकाळी मी स्वच्छ पुसून गेले होते. मागून येऊन कुणीतरी पुन्हा घाण केलीय!"

शाल्मली खांबाकडे बोट दाखवून ओरडत होती.

खाडीवरच्या जुन्या पुलाचा तो तिसरा खांब. ओहोटीला त्याचा पायथा उघडा पडतो. चिखल तुडवायची तयारी असेल तर काठावरून चालत तिथवर जाता येतं.

पायथ्याच्या दगडावर कांदळगावकर बाई बसल्या होत्या. साडी वर खोचलेली, पाय चिखलात.

बाईंनी कॉलेजात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यापासून त्या रोज ओहोटीला इथे येऊन बसतात. कुणी म्हणतं, संशोधन चाललंय. कुणी म्हणतं, घरात पंखा नाही.

शाल्मली नेरूरकर ही त्यांची जुनी विद्यार्थिनी. पुढे इंजिनिअर झाली, पुण्याला गेली, आणि आता तिथल्या प्रयोगशाळेतून एक पेटी घेऊन परत आली होती.

"कुणी केलं ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या.

"कुणी?"

"रोज दोनदा येतो. जाताना असं करून जातो."

"नाव सांगा, बाई. मी सोडणार नाही त्याला."

बाईंनी हात लांब केला. खाडीच्या तोंडाशी, मागे हटलेला समुद्र उन्हात चमकत होता.

शाल्मलीने ओठ आवळले.

"चेष्टा नको. उद्या सकाळी सहाला पूल खात्याचे साहेब चाचणी बघायला येणार आहेत."

"सहाला? साहेब?"

"ओहोटी तेव्हाच आहे, म्हणून."

"म्हणजे कोणीतरी त्यांना लवकर उठवलं म्हणायचं," बाई म्हणाल्या. "चांगलं आहे."

*

गेल्या वर्षी याच पुलावर पास्कू फर्नांडिस मेला.

पुलाचे खांब तपासायला वरून दोर सोडतात. माणूस दोराला बांधून खाली उतरतो, हातोडीने खांब ठोकत जातो आणि आवाजावरून सांगतो, कुठे पोकळ झालंय. खांबाला खाली सगळी कालवं, म्हणजे दगडाला चिकटणारे शिंपले, धरलेली. कालवाची कड पात्यासारखी असते. दोर त्या कडेवर घासत राहिला...

पास्कू बत्तीस वर्षांचा होता.

त्याच्या आईसमोर शाल्मली बोलून गेली होती, "वर्षभरात या पुलावरचा दोर बंद करून दाखवते."

आई काहीच बोलली नव्हती. शाल्मली मात्र ते वाक्य घेऊन पुण्याला गेली आणि वर्षभर धड झोपली नाही.

पेटीत चार पंजे होते. दोन हातांचे, दोन पायांचे.

पालीच्या बोटांखाली लाखो बारीक केस असतात आणि प्रत्येक केसाला शेकडो टोकं. डिंक नाही, नखं रुतवणं नाही. ती टोकं भिंतीच्या इतकी जवळ जातात की भिंत पालीला सोडत नाही. पाऊल तिरकं उचललं की मात्र लगेच सुटतं. शाल्मलीने तसेच केस रबरात उतरवले होते. प्रयोगशाळेतल्या काचेवर एका पंज्याने ऐंशी किलो वजन पेललं होतं.

उद्या ते पंजे घालून बस्त्याव हा खांब चढणार होता. खालपासून वरपर्यंत, तीस फूट.

बस्त्याव म्हणजे पास्कूचा धाकटा भाऊ.

*

"दोर?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"अजिबात नाही?"

"दोर बांधला तर सगळे म्हणतील, दोराने वाचला. मग माझ्या पंज्याला अर्थ काय राहिला?"

बाईंनी चिखलात पडलेल्या गोणीकडे पाहिलं. गोणीत दगड भरलेले होते. पहाटे शाल्मलीने ती पंज्याला टांगली, तेव्हा ती अर्धा तास हलली नव्हती. आता टांगली, तर पंजा हळूच घसरला... आणि गोणी खाली आली.

"ही गोणी किती किलोची?"

"साठ."

"आणि बस्त्याव?"

शाल्मलीने गोणीकडे पाठ फिरवली.

चार पावलांवर चिखलाच्या कडेला बस्त्यावची होडी टेकली होती. तो आतलं पाणी डब्याने बाहेर टाकत होता. त्याने मान वर केली.

"माका भय नाय, बाईनू. ताईन सांगल्यान, मी हो म्हटलंय."

"ते मला दिसतंय," बाई म्हणाल्या. "तुला काय वाटतं ते सांग."

बस्त्यावने डबा खाली ठेवला.

"आमी खांबार जाताना आधी हाताक चिखल चोळतंव. माजो बापूस चोळी, पास्कू पण चोळी. आज पहाटे ताईन माजे हात पुसल्यान. स्पिरिटान." तो आपल्या तळव्यांकडे बघत राहिला. "कोणाचे तरी दुसऱ्याचेच हात वाटले."

"अरे, ती जुनी सवय आहे," शाल्मली म्हणाली. "पंज्याला हात कोरडे लागतात. भिंत कोरडी लागते. एवढं पाळलं की काही होत नाही. आणि उद्याची व्यवस्था झालीय. ऑफिसने पंप सांगितलाय. पहाटे सगळा खांब वरून खालपर्यंत धुऊन घेतील, मग मी पुसून घेईन. कालवंही खरवडून टाकणार आहेत."

"सगळी?" बाईंनी विचारलं.

"चढायच्या पट्ट्यातली."

"बरं."

बाई जेव्हा नुसतं 'बरं' म्हणत, तेव्हा वर्गात पेनं थांबायची. शाल्मलीला ते आठवलं. तिला ते आवडलं नाही.

"बोला ना. काय चुकलंय?"

"मी कुठे म्हटलं चुकलंय?"

"बाई, माझ्याकडे वेळ नाही!"

"मग बस."

*

शाल्मली बसली. दगड ओला होता.

"इथे कधी पाल बघितलीस?" बाईंनी विचारलं.

"कुठे?"

"या खांबावर."

शाल्मलीने विचार केला. "नाही."

"पलीकडच्या?"

"नाही."

"तुमच्या प्रयोगशाळेत?"

"ट्यूबलाइटपाशी असते एक. तिच्यावरूनच तर..."

ती थांबली.

खेकडा बिळातून अर्धा बाहेर आला, त्यांना पाहून परत आत गेला.

"ठीक आहे," शाल्मली म्हणाली. "ओल्यात चिकटणारे प्राणीही आहेत. मला माहीत आहेत. कालव घ्या. चुन्यासारखं काहीतरी सोडतं आणि जन्मभर धरून ठेवतं. त्याचा डिंक बनवता येईल. तो कधीच सुटणार नाही."

"छान. मग बस्त्यावचं जेवण रोज वर पाठवत जा."

होडीतून हसू आलं.

शाल्मलीचे कान तापले. "मग कोण? तुम्हीच सांगा. भिंत ओली, वर चिखलाचा थर, त्यावर शेवाळ, खाली खडबडीत दगड. धरायचंही आणि सोडायचंही. असा कुणी..."

"हळू बोल," बाई म्हणाल्या. "तो बघतोय."

खांबावर, चिखलाच्या ओल्या थरावर, त्यांच्या डोक्याच्या उंचीवर, बोटभर लांबीची एक निवटी बसली होती. डोळे वर काढलेले. सरळ उभ्या भिंतीवर, आपल्या घरच्या ओट्यावर बसावं तशी.

लहानपणापासून शाल्मलीने निवट्या पाहिल्या होत्या. चिखलात उड्या मारणारा मासा. बाजारात वाट्यावर मिळणारा. आईच्या हातचं कालवण.

निवटी दोन बोटं वर सरकली. थांबली. खालून एक लाट खांबावर फुटली आणि निवटीवरून पाणी गेलं.

पाणी खाली गेलं. निवटी तिथेच होती.

"हिच्या पोटाखाली..." शाल्मली पुटपुटली. "दोन पर जुळून वाटी झालेली असते. तुम्ही शिकवलं होतं. दुसऱ्या वर्षाला."

"आकृतीही काढली होतीस. दहापैकी नऊ."

"एक का कापला?"

"वाटीची कड पेनाने काढली होतीस. सरळ रेघ, एकदम ठसठशीत."

शाल्मली उठली.

*

निवटी पकडायला तिला सात वेळा चिखलात पडावं लागलं. बस्त्यावने दोनदा दिशा दाखवली आणि पाचदा तोंड फिरवून हसून घेतलं.

आठव्या वेळी निवटी डब्यात आली.

शाल्मलीच्या पेटीत प्रयोगशाळेतली एक काच होती, वीतभर. पंजे दाखवायला आणलेली. काचेवर निवटी ठेवली की खालून वाटी दिसेल, ती कशी धरते ते दिसेल. तिने काच बाहेर काढली. खिशातून पांढरं फडकं काढलं, बाटलीतलं स्पिरिट त्यावर ओतलं, आणि काच पुसायला लागली. एक बाजू, मग दुसरी. मग उजेडाकडे धरून पाहिलं आणि एक कोपरा पुन्हा पुसला.

बाई बघत होत्या.

"कुणासाठी पुसतेस?"

"काच? काच तर..."

शाल्मलीचा हात थांबला.

डब्यात निवटी फडफडत होती. तिच्या अंगावर चिखल होता. खांबावर चिखल होता. शाल्मलीच्या केसांतसुद्धा चिखल होता. त्या सगळ्या खाडीत स्वच्छ अशी एकच वस्तू होती, आणि ती तिच्या हातात होती.

"सवय आहे," ती म्हणाली. "प्रत्येक चाचणीआधी पुसतो आम्ही."

"प्रत्येक?"

"वर्षभरात... एकही सोडली नाही."

बाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. त्यांनी शाल्मलीच्या हातातून फडकं घेतलं. बाटली घेतली.

मग त्या खांबापाशी गेल्या आणि खांब पुसायला लागल्या.

*

आधी ताटाएवढी जागा. मग तिच्या शेजारची. चिखल निघाला की त्याखालचं शेवाळ, शेवाळ निघालं की त्याखालचा दगड. दगडाच्या खाचांत फडकं जाईना, तर त्या बोटाने खाच कोरू लागल्या.

"बाई, काय करताय?"

"उद्यासाठी पुसतेय."

"राहू द्या. पंप येणार आहे."

"परवा?"

"परवा काय?"

"परवा बस्त्याव पलीकडच्या खांबावर चढेल. तोही पुसून ठेवते."

"बाई..."

"चौदा खांब आहेत. भरतीला सगळे परत बुडतील, पण मी पुन्हा येईन. मला काय काम आहे? घरात पंखा नाही."

त्या पुसत राहिल्या. सत्तरीच्या बाई, हाताला कालवाची कड लागून रक्त आलं होतं, त्यांनी ते पदराला पुसलं आणि पुन्हा फडकं चालवलं.

"थांबा ना, बाई!"

"तू सांग, कुठवर पुसू?"

बाईंनी फडकं हातभर वर नेलं.

"इथवर?"

...

"का अजून वर?"

खाडीचं पाणी एक क्षणभर स्थिर झालं होतं. मग चिखलातल्या चिरांतून, आवाज न करता, ते परत यायला लागलं. आधी गोणीपाशी आलं. मग बाईंच्या पावलांवर. मग खांबावर चढलं आणि बाईंनी पहिल्यांदा पुसलेल्या ताटाएवढ्या जागेवरून गेलं.

पाणी खाली ओसरलं तेव्हा त्या जागेवर चिखलाची पातळ साय होती.

बाईंनी त्या सायीकडे पाहिलं. मग शाल्मलीकडे पाहिलं. आणि पुन्हा पुसायला हात उचलला.

शाल्मलीने तो हात धरला.

*

काच तिने चिखलात बुडवून काढली. दोन्ही बाजूंनी. खालच्या बाजूचा थोडा चिखल बोटाने बाजूला केला, आतलं दिसेल एवढाच. मग वरच्या बाजूला निवटी ठेवली आणि काच उभी धरली.

निवटीने डोळे आत घेतले, बाहेर काढले. बसली.

शाल्मलीने काच हलवली. उलटी केली. वर पाणी ओतलं.

निवटी बसलेलीच.

शाल्मली काचेखाली वाकून पाहायला लागली. चिखलाच्या फटीतून निवटीच्या पोटाखालची वाटी दिसत होती. वाटीची कड कुठेच सरळ नव्हती. चिखलाचा कण आला तिथे ती वळत होती, काचेला ओरखडा होता तिथे त्यात उतरत होती. प्रत्येक श्वासाला थोडी बदलत होती. कुठे दाबत नव्हती, कुठे ओढत नव्हती.

"मऊ आहे," ती म्हणाली. "कड इतकी मऊ आहे, बाई, की..."

"मला नको सांगू. मी तिला चाळीस वर्षं ओळखते."

शाल्मली कितीतरी वेळ वाकून राहिली. पाणी घोट्यापर्यंत आलं. बस्त्यावची होडी चिखलावरून उचलली गेली आणि डुलायला लागली.

मग तिने काच पाण्यात तिरकी केली. निवटीने एक उडी मारली आणि निघून गेली. जाताना काचेवर काहीच राहिलं नाही.

शाल्मलीने फोन काढला.

"साहेब, शाल्मली नेरूरकर. उद्याचं रद्द करा... नाही, पंजा मोडला नाही. मीच चुकीच्या भिंतीसाठी केला... हो, मला माहीत आहे तुम्ही वरपर्यंत कळवलंय... हो, हसतील. हसू द्या."

पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. ती ऐकत उभी राहिली. मान ताठ.

"सहा महिने द्या. याच खांबावर येते. पण पंप सांगू नका. धुऊ नका, खरवडू नका, जसा आहे तसा ठेवा... नाही, बस्त्याव नाही. आधी मी चढणार. आणि दोर बांधून चढणार."

होडीत बस्त्याव उभा राहिला होता.

"आणि साहेब, अजून एक. तोवर जो कोणी खाली उतरेल, त्याच्या दोराला घासायच्या जागी जाड पाइप चढवा. उद्यापासून. विचार करतो म्हणू नका. मी सकाळी सहाला पुलावर असेन. उद्या तुम्हाला लवकर उठायचंच होतं, तर पाइप घेऊनच या."

तिने फोन ठेवला.

"माजी आवस," बस्त्याव हळूच म्हणाला. "ती उद्याची वाट बघता."

"मी येते तुझ्या आईला सांगायला. आत्ताच, तुझ्याबरोबर."

"ती काय बोलूची नाय."

"माहीत आहे. तरी येते."

*

पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं होतं. बाईंनी चपला हातात घेतल्या. दुसऱ्या हातातलं फडकं, आता काळं झालेलं, शाल्मलीपुढे धरलं.

"हे घे तुझं. अजून तेरा खांब राहिलेत."

आणि त्या काठाकडे चालायला लागल्या. मागे वळून पाहिलं नाही.

शाल्मली फडकं हातात घेऊन उभी होती. एकदा खांबाकडे पाहिलं. बाईंनी पुसलेलं सगळं आता पाण्याखाली होतं.

तिने फडकं खांद्यावर टाकलं. खाली वाकली. दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात घातले, मूठभर चिखल वर काढला आणि तळव्यांना चोळला. आधी डाव्या, मग उजव्या. बोटांच्या फटींत. नखांत.

मग दोन्ही तळवे खांबावर टेकले आणि तशीच उभी राहिली.

होडी जवळ आली. बस्त्याव तिच्या हातांकडे बघत होता. मग त्याने होडीतून हात पुढे केला.

"ताई, तां फडकां माका द्या. होडी पुसूक व्हया."